उलथण्यावरचा श्वास

रामटेके काकांनी पहिल्या भेटीत मला माझं नाव विचारलं नाही. शॉमबर्गमधल्या त्यांच्या घराच्या दारात मी तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन उभी होते, बाहेर बर्फ पडत होता, आणि हा उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस वाकून, मान तिरकी करून खालून माझ्या नाकात पाहत होता.

"डावीकडचं बंद आहे तुझं," ते म्हणाले. "लहानपणी तोंडावर पडली होतीस काय?"

पडले होते. येरवड्यात, शाळेच्या पायऱ्यांवरून. माझ्या आईलासुद्धा ते आठवत नसेल. मी आ वासून उभी राहिले, तेवढ्यात आतून एक बाई ओरडली, "अहो, तिला आधी घरात तर घ्या! गारठून मरेल पोरगी."

त्या सुजाता काकू. काकांची बायको, एका बँकेत नोकरीला, आणि शॉमबर्गमध्ये होते तोवर माझं हक्काचं माहेर. काका कान-नाक-घशाचे सर्जन, पण कान आणि घसा त्यांनी आपल्या पार्टनरवर सोडून दिले होते. त्यांचा सगळा जीव नाकात. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबई-नागपूरहून आमच्यासारखी कॉम्प्युटरवाली मंडळी परदेशातल्या त्या भागात नुकती कुठे उतरायला लागली होती. आपल्यापैकी कुणी येतंय असं कळलं की काका स्वतः गाडी घेऊन विमानतळावर हजर. कुणाला जुनं जॅकेट, कुणाला भांडी, कुणाला घर मिळेपर्यंत बेसमेंट. आणि प्रत्येकाला, मागितली नसली तरी, नाकाची तपासणी. लोकांची नावं ते विसरायचे, नाकं विसरायचे नाहीत. मला कित्येक महिने ते 'डावी' म्हणूनच हाक मारत होते.

ही तपासणी व्हायची उलथण्यानं. काकूंनी नागपूरहून आणलेलं एक रुंद पात्याचं स्टीलचं उलथणं होतं, ते कायम फ्रीझरमध्ये असायचं. जेवणाखाण्याला घर माणसांनी भरलेलं असताना कुणी सहज जरी म्हणालं की सर्दी काही जात नाही हो, तरी काका उठायचे, उलथणं काढायचे आणि त्या माणसाच्या नाकाखाली आडवं धरायचे. थंड स्टीलवर वाफेचे दोन डाग उमटत, एकेका नाकपुडीचा एकेक. दोन्ही सारखे असले तर ठीक, एक मोठा आणि एक बारका असला तर आत काहीतरी आडवं आलेलं. "दवाखान्यात याच कामासाठी मोठं मशीन आहे," ते म्हणायचे, "पण मशीनला कधी मूड येतो, कधी नाही. उलथणं खोटं बोलत नाही." त्यांची मुलगी मैत्रेयी तेव्हा शाळेत होती. पाहुण्यांसमोर हे सुरू झालं की ती डोळे फिरवून "डॅड, नॉट अगेन!" म्हणायची आणि वर पळायची. आणि काकू स्वयंपाकघरातून हाका मारत राहायच्या, "माझं उलथणं द्या आधी, धिरडं करपतंय इथं."

धिरडं करपायचं. काकू ते चमच्यानं कसंबसं उलटायच्या.

आपल्या कामाबद्दल काका कुणालाही, जेवत असतानासुद्धा, समजावून सांगत. नाकाच्या मधला पडदा वाकडा असला तर तो सरळ करायचा, हे झालं एक काम. दुसरं काम भिंतींचं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसाच्या वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्या सुजून राहिल्या की हवेची वाट अडते. "काही लोक त्या नुसत्या जाळतात," काका सांगत, "काही टोकाला थोड्या कापतात. मग काय होते? काही वर्षांनी पेशंट पुन्हा दारात. आपण तसं नाही करत. आपण काढूनच टाकतो. पूर्ण." हे 'पूर्ण' म्हणताना त्यांचा पंजा टेबलावरून असा सपाट फिरायचा की समोरची वाटी वाचवावी लागे.

या 'पूर्ण'मागे एक गोष्ट होती, ती मला काकूंनी सांगितली. मेडिकलला असताना प्रात्यक्षिक परीक्षेत एका परीक्षकानं काकांचं आडनाव वाचलं, त्यांनी घातलेला टाका पाहिला आणि हसत हसत म्हणाला, "तुम्हा लोकांचं सगळं असं अर्धवटच राहायचं." टाका नीट होता. शेजारी उभी असलेली पोरं हसली होती. काकांनी ही गोष्ट बायकोशिवाय कुणालाही सांगितली नाही, पण त्यानंतर आयुष्यभर त्यांनी एकही काम अर्धं सोडलं नाही. बर्फ काढायचे तर फरशी कोरडी दिसेपर्यंत, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातलाही. ताटात शीत राहायचं नाही. त्या घरात 'अर्धा' हा शब्दच चालत नसे. अर्धा कप चहा मागितला की काका भरलेला कप आणून समोर ठेवत आणि संपेपर्यंत उभे राहत.

एकदा काकूंनी त्यांना अंगणातली लायलॅकची झाडी जरा छाटायला सांगितली. आम्ही बायका आत भाजी निवडत होतो. तासाभरानं बाहेर पाहिलं तर झाडीच्या जागी जमिनीलगत चार बुंधे, आणि काका घाम पुसत उभे. "छाटायचं तर नीट छाटायचं," ते म्हणाले. काकू हसल्या, आम्हीही पोट धरधरून हसलो. आज ते हसू आठवलं की मला कसंतरी होतं.

काकूंना सर्दीचा जुना त्रास. डोकं दुखायचं, रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागायचा. घरच्या माणसाचं ऑपरेशन स्वतः करायचं नाही, असा तिकडे डॉक्टर लोकांत संकेत आहे. पार्टनरनं हात जोडून सांगितलं, मी करतो. काका ऐकतात कसले! तो अर्धवट करून ठेवेल ही भीती. त्यांनी स्वतः केलं, आणि पूर्ण केलं.

त्यानंतर काकू म्हणजे त्यांचं प्रदर्शन झालं. पाहुणे जमले की उलथणं यायचं, काकूंच्या नाकाखाली धरलं जायचं, आणि त्यावर दोन मोठे, गोल, अगदी सारखे डाग उमटायचे. काका ते उलथणं आरतीच्या तबकासारखं सगळ्यांपुढे फिरवायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. काकू हसायच्या. सचिन मेश्रामनं तर ते डाग पाहूनच आपलं ऑपरेशन ठरवलं. हा नागपूरचा मुलगा, माझ्याच ऑफिसात होता, झोपेत इतका घोरायचा की रूममेट टिकत नसत. काकांनी त्यालाही विमानतळावरून आणलं होतं, त्यालाही बेसमेंट दिलं होतं. पुढच्या हिवाळ्यात त्याचं नाकही त्यांनी मोकळं केलं.

काही गोष्टी आमच्या डोळ्यांसमोर होत्या, पण आम्हाला दिसल्या नाहीत. काकूंच्या घरात प्रत्येक खोलीत वाफ सोडणारं यंत्र आलं. आम्हाला वाटलं, कुंड्यांसाठी असेल. गॅसवर कायम पाण्याचं भांडं उकळत असायचं आणि काकू त्याच्यापासून हलायच्या नाहीत. आम्हाला वाटलं, किती कामसू बाई. आणि एक गोष्ट तर मला तेव्हाच खटकायला हवी होती. रविवारी आम्ही लायब्ररीच्या एका हॉलमध्ये जमायचो. आधी वंदना, मग दहा मिनिटं आनापान, म्हणजे डोळे मिटून बसायचं आणि नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. वंदना घ्यायच्या काकूच, त्यांचा आवाज फार गोड. पण ऑपरेशननंतर आनापान सुरू झालं की त्या उठून जात. "चहाचं बघते," म्हणायच्या. चहा थर्मासात असायचा. त्यात बघण्यासारखं काय होतं?

मग तो चौदा एप्रिलचा कार्यक्रम आला. त्या दिवसाचा धक्का मला अजून पचलेला नाही.

हॉल भरला होता. फायर अलार्मच्या भीतीनं मेणबत्त्या बॅटरीच्या, तसबिरीला हार मात्र खऱ्या फुलांचा. बाहेर अजून थंडी, त्यामुळे आत हीटरची कोरडी हवा फरफरत होती. वंदना झाली. सगळे डोळे मिटून बसले. काकू नेहमीप्रमाणे उठून मागे गेल्या. काका पुढे बसून शांत आवाजात सांगत होते, "श्वास येतो आहे, पाहा. जातो आहे, पाहा."

"नाही येत!"

कुणीतरी ओरडलं. मी डोळे उघडले. सचिन उभा होता, छातीवर हात, चेहरा पांढराफटक. "सॉरी काका. पण नाही येत मला. ऑपरेशन झाल्यापासून नाही येत. रात्रभर उठून बसतो मी, गुदमरतो यार. ऑफिसात डोळे मिटतात, मॅनेजरनं लास्ट वॉर्निंग दिलीय. नोकरी गेली तर व्हिसा गेला. सगळे म्हणतात श्वास पाहा. कुठला श्वास पाहू मी?"

काका उठले. रागावले नव्हते ते, उलट हसत होते, लहान पोराला समजवावं तसे. कार्यक्रमानंतर नाकं तपासायची म्हणून उलथणं त्यांनी बर्फाच्या पिशवीत घालून आणलंच होतं. ते त्यांनी सचिनच्या नाकाखाली धरलं. दोन डाग उमटले. मोठे, गोल, सारखे.

"पाहून घ्या," काकांनी उलथणं उंच धरलं. "नदीसारखी हवा वाहून राहिली. अरे बाप्पा, उलथणं खोटं बोलत नाही. हे तुझ्या नाकात नाही, डोक्यात आहे. टेन्शन आहे तुला, दुसरं काही नाही."

दोन-चार जण हसले. काहींनी सवयीनं टाळ्याही वाजवल्या. सचिननं मान खाली घातली. तेव्हा मागून, चहाच्या टेबलापासून, काकूंचा आवाज आला.

"तो खोटं बोलत नाही."

त्या पुढे आल्या. हातात कागदी कप होता. "मलाही तसंच होतं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झालं तेव्हापासून. हवा जाते हो, पण गेल्याचं कळत नाही. पोटभर जेवावं आणि भूक तशीच राहावी, तसं होतं मला, चोवीस तास. गरम पाण्याचा शॉवर सोडून मी बाथरूमच्या फरशीवर झोपते. तुम्ही गाढ झोपलेले असता. तुम्हाला ठाऊक नाही."

आम्ही सगळ्यांनी त्या बाईच्या गुदमरण्याला टाळ्या वाजवल्या होत्या. एकदा नाही, दर पार्टीत. मला रडू फुटलं आणि रागही आला, कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

"मग सांगितलं काऊन नाही?" काका इतक्या हळू म्हणाले की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं असेल.

"कसं सांगू? सगळ्यांसमोर किती खुशीनं ते उलथणं धरायचात तुम्ही. मी म्हणू की तुमचं काम चुकलं? मी?"

काकांनी सचिनकडे पाहिलं. "आणि तू?"

"तुम्ही मला एअरपोर्टवरून घरी आणलं होतं काका," सचिन म्हणाला. "तुम्हाला कसं बोलणार?"

आपल्या माणसांची ही भीड! परक्या डॉक्टरला या दोघांनी आठवड्याभरात धारेवर धरलं असतं.

काका दरवाजातून बाहेर गेले. वंदनेसाठी बूट काढलेले होते, ते तसेच राहिले. मी त्यांचे बूट घेऊन मागे धावले. पार्किंगच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग अजून वितळले नव्हते, त्यांच्याशेजारी ते नुसत्या मोज्यांवर उभे होते, आणि उलथणं अजून हातात होतं. मी बूट समोर ठेवले. त्यांना दिसले नाहीत. "वाहून राहिली ना हवा?" त्यांनी मला विचारलं. "तू पाहिले ना डाग?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी काकूंनी मला आणि सचिनला घरी बोलावून घेतलं. त्यांना एकटं वाटत असावं. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, कपडे तेच. मग काकांनी काकूंना विचारलं, "कसं वाटते, सांग मला. पहिल्यापासून सांग." मी त्या घरात इतकी वर्षं जात होते, पण काकांना कुणाच्या नाकाबद्दल काही विचारताना पाहिलं नव्हतं. ते पाहायचे आणि सांगायचे. काकू बोलत राहिल्या. सकाळी नाक कसं सोलल्यासारखं होतं, थंड हवा कशी थेट कवटीपर्यंत जाते, श्वास मिळाला असं शरीराला पटतच नाही म्हणून छाती कशी धडधडते. सचिन मधूनच "हो, सेम, सेम," म्हणत होता. काकांचा चेहरा मला पाहवत नव्हता.

मग ते उठले. कापूस मिठाच्या कोमट पाण्यात भिजवला, त्याची लांबट वळकटी केली, आणि चिमट्यानं हलकेच काकूंच्या नाकात, जिथलं मांस त्यांनी स्वतः काढून टाकलं होतं, तिथे ठेवली. दुसरीकडेही तसंच. मी चक्रावले. ज्या बाईला श्वास मिळत नाही तिचं नाक हा माणूस बुजवतोय!

काकूंनी श्वास घेतला. थांबल्या. पुन्हा घेतला. मग त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आला," त्या म्हणाल्या. "अहो, आला. जाणवला मला."

काकांनी फ्रीझरमधून उलथणं काढलं. सवयच ती. काकूंच्या नाकाखाली धरलं. डाग बारके होते, वेडेवाकडे, पूर्वीच्या निम्मेही नव्हते. हवा कमी झाली होती आणि श्वास वाढला होता. काका त्या डागांकडे पाहत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं हे उलथणं..." ते म्हणाले. मग खुर्चीत बसून हुंदके देऊन रडले. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्या वळकट्या वाट अडवायला नसतातच, काकांनी नंतर मला सांगितलं. आलेली हवा त्या ऊबदार करतात, ओली करतात, आणि श्वास आला अशी वर्दी शरीराला देतात. सुजल्या असतील तर थोड्या कमी कराव्यात, बाजूला साराव्यात, पण काढून टाकू नयेत. ओला कापूस त्यांचीच रिकामी जागा थोडीफार भरून काढत होता. "मी वाट रुंद केली," ते म्हणाले, "आणि वर्दी देणारा माणूसच मारून टाकला." तेव्हा हे नाकवाल्या डॉक्टरांमध्ये कुठे कुठे बोललं जाऊ लागलं होतं. काकांनीही ऐकलं होतं, आणि अर्धवट काम करणाऱ्यांच्या सबबी म्हणून सोडून दिलं होतं.

पुढे त्यांनी जे केलं त्यानं आम्हाला दुसरा धक्का बसला. आपल्या जुन्या पेशंटांना ते स्वतः फोन करू लागले. तुम्हाला कसं वाटतं, खरं सांगा, माझी भीड धरू नका. बरेच जण मजेत होते. काही नव्हते. त्यांतल्या एकीनं फोनवरच शिव्या दिल्या, आणि एकानं कोर्टात खेचलं. वकील डोकं धरून बसला. त्यानं बजावलं होतं की डॉक्टर, वाटेल ते बोला, पण सॉरी हा शब्द तोंडातून काढू नका. काकांनी तो प्रत्येकाला म्हटला. पार्टनर वेगळा झाला. दवाखाना एका खोलीवर आला. रविवारी हॉलमध्ये भेटणारे आपलेच काही लोक म्हणू लागले की म्हाताऱ्याला वेड लागलंय, चूक होती तर गप्प बसायचं ना. मला त्या लोकांची चीड यायची, अजून येते.

सचिनला बेलव्ह्यूला नोकरी मिळाली. तिथल्या पावसाळी, ओल्या हवेत जीव जरा थाऱ्यावर आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं. पूर्ण बरा तो झाला नाही, काकूही झाल्या नाहीत. गेलेलं मांस परत येत नाही. रोज सकाळी काका काकूंच्या नाकात तो ओला कापूस ठेवायचे, तेवढ्यावर बँकेतला दिवस निघायचा.

मी दुसऱ्या गावी, पिस्कॅटवेला नोकरी धरली तेव्हा निघायच्या सकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नसतंच. त्या गॅसपाशी स्टुलावर बसल्या होत्या, तव्यावर धिरडं होतं, आणि काका वाकून चिमट्यानं कापूस बसवत होते. त्यांची पाठ आता जरा झुकली होती. कापूस बसला. काका फ्रीझरकडे गेले नाहीत. जाऊन उपयोगही नव्हता, उलथणं काकूंच्या हातात होतं.

"येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी आधी धिरडं उलटलं. मग डोळे मिटले. काका चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले. ते काकूंच्या नाकाकडे पाहत नव्हते, चेहऱ्याकडे पाहत होते. बाहेर माझ्या टॅक्सीनं हॉर्न दिला तरी त्यांनी मान वळवली नाही.

काकूंनी डोळे उघडले. "आज अर्धा येतोय," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "बरं," आणि माझ्यासाठी ताट घेतलं.